बांगड्याच्या कल्ल्याचा लाल

माझं पोट रंगांवर चालतं. मोरोक्कोतल्या निळ्या गल्ल्या, मेक्सिकोतल्या पिवळ्या भिंती, व्हिएतनाममधले कंदील, असं सगळं टिपत मी वीस वर्षं फिरते आहे आणि प्रवासाच्या मासिकांना फोटो देते. लोक विचारतात, एवढे झगझगीत रंग तुला मिळतात कसे? लवकर उठावं लागतं, ऊन डोक्यावर यायच्या आत काम उरकावं लागतं, एवढं मी सांगते. उरलेलं सांगत नाही. उरलेलं म्हणजे संगणकाच्या पडद्यावरची एक पट्टी. ती उजवीकडे सरकवली की मरगळलेला लाल टवटवीत होतो. सगळेच सरकवतात. मला त्याची लाज कधी वाटली नाही, आणि कोणी नाक मुरडलं तर मी भांडायला तयार असते.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून महिनाभर मालवणजवळच्या आमच्या घरी राहिले. जग पालथं घातलं, पण घरच्या किनाऱ्याचा एक धड फोटो माझ्याकडे नव्हता. घरचं काय टिपायचं, अशी घमेंड. आता रिकामपणी वाटलं, चला, हेही करून बघू. आणि पहिलं नाव सुचलं ते आमच्या काकीचं.

काकी म्हणजे आमच्याकडे मासे घेऊन येणारी. नात्याची नाही, पण माझ्या जन्माच्या आधीपासून रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येते, म्हणून काकी. सत्तरी ओलांडलेली, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, आवाज असा की दोन घरं पलीकडची मांजरं हजर. आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या लिलावात मासे घ्यायचे आणि सकाळी वाडीतल्या ठरलेल्या घरांत द्यायचे, हा तिचा क्रम.

मासा ताजा की शिळा हे बघायला बाजारात सगळेजण त्याचा कल्ला उचलतात. जबड्यामागची ती झापड वर केली की आत रक्तासारखा लाल दिसला पाहिजे. तपकिरी दिसला की पुढच्या पाटीकडे जायचं. पण काकीच्या पाटीतल्या माशाचा कल्ला कोणी उचलत नाही. तिच्या घरांत तो अपमान समजतात. आई नवी नवरी असताना एकदा चुकून बोट लावून बसली. काकीने पाटी उचलली आणि ती आठ दिवस फिरकली नाही. शेवटी बाबांना जाऊन तिची समजूत काढावी लागली. आई अजून ते सांगते आणि बाबा अजून हसतात.

तर मी काकीला पायरीवर बसवलं. हिरवं लुगडं, केशरी अबोली, पाटीत निळसर चकाकणारे बांगडे. मला आणखी एक रंग हवा होता. मी म्हटलं, काकी, एक बांगडा हातात घे आणि कल्ला उघडून दाखव. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्याची खैर नव्हती. मला ती म्हणाली, "तुका म्हणान दाखवतंय. बघ, कसो लालभडक आसा." आणि अंगठ्याने कल्ला उचलून ती ऐटीत हसली.

दुपारी संगणकावर फोटो उघडला. सगळं झकास होतं. फक्त कल्ला मळकट दिसत होता. मी सवयीने पट्टी सरकवली. हात इतका बसलेला आहे की डोक्याला विचारावं लागत नाही. कल्ला पेटल्यासारखा लाल झाला, फोटो उठून दिसायला लागला आणि मी कौतुकाने आईला बोलावलं.

आई पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, हा लाल तू घातलास ना? आणि तिने जे सांगितलं त्याने मी चाट पडले. गणपती झाल्यापासून, म्हणजे चारेक महिने, काकी वरचेवर शिळे मासे आणत होती. तिला दिसत नव्हतं. लिलावात कोणी जुना, बर्फातला माल तिच्या गळ्यात मारत होतं. बर्फातला मासा बोटाला घट्टच लागतो, आणि वास म्हणाल तर ती जन्मभर त्यातच बसलेली. सगळ्या वाडीला हे ठाऊक होतं. कोणी ते मासे मांजरांना घालत होतं, कोणी माडाच्या मुळाशी पुरत होतं. आमच्याकडेही काकी गेली की आई बाबांसाठी अंडी फोडायची. पण एकाही घराने मासे घेणं थांबवलं नव्हतं. म्हातारीला वाईट वाटेल म्हणून.

माझं डोकं फिरलं. मी नको ते बोलले. बाई आंधळी होत चालली आहे आणि तुम्ही माडांना बांगडे घालताय, अक्कल कुठे गेली सगळ्यांची, असं सगळं. आईने ऐकून घेतलं.

"मगे तू लाल कित्या केलंस?" तिने विचारलं.

मी नंतर फोटो दहादा बघितला. चूक झाली हे कळायला दहादा बघावं लागत नाही, पण मी बघितला.

दुसऱ्या दिवशी काकी आली. पाटी उतरवली. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. मी खाली बसले आणि तिच्यासमोर एका बांगड्याचा कल्ला उचलला. आई दारातच थिजली. काकीचा चेहरा आधी तापला, मग तिच्या काहीतरी लक्षात आलं असावं. तिने हळूच विचारलं, कसा आहे?

"तपकिरी," मी म्हटलं.

ती पाटीच्या काठावर हात ठेवून खाली बसली. मग एकेक गोष्ट बाहेर आली. वर्षभर डोळ्यांपुढे दूध सांडल्यासारखं व्हायचं. माणसं आवाजावरून, घरं पायऱ्यांवरून ओळखत होती. बांद्याला दिलेल्या लेकीला कळलं तर ती उचलून घेऊन जाईल, नि पाटी सुटेल, म्हणून काकी गप्प होती. पाटी सुटली की मग मी कोण, असं तिने मला विचारलं. मला तिचा इतका कळवळा आला की मी तिचा मासळीचा हात धरून बसले. डोळ्यांचा डॉक्टर पाटी काढून घेत नाही, एवढंच मला सुचलं.

कुडाळच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. आधी उजवा केला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी समोर होते. मला वाटलं होतं, काकी आता रंगांनी हरखून जाईल. खोटं कशाला सांगू, तो क्षण टिपायला कॅमेराही नेला होता. काकी मला बघून म्हणाली, केस पिकले गो तुझे. एवढंच. काळा चष्मा लावून ती रिक्षात बसली आणि वाटेतल्या एकाही रंगाकडे तिने बघितलं नाही. चार महिने शिळे मासे येत होते हे मी तिला सांगितलं होतं, आता ती एकेक घर आठवत होती. कोणी काय केलं माशांचं? मी सांगत गेले. मांजरांना. माडाला. मांजरांना.

"आणि मास्तराची सून? ती तर गुरवार. तिणा खाल्लान नाय मां?"

वाडीतल्या मास्तरांच्या सुनेला सातवा महिना होता. नाही खाल्लं, असं म्हणायला तोंड उघडलं होतं मी. काकीचा तो लाल झालेला डोळा चष्म्याच्या कडेने माझ्याकडे लागला होता. मी म्हटलं, मला माहीत नाही.

तिने रिक्षा तिकडेच घ्यायला लावली.

सून बाहेर आली, पोटावर हात ठेवून. काकीने खळ्यात उभ्यानेच विचारलं. सून माझ्याकडे बघायला लागली, काय बोलू म्हणून. मी मान हलवली, सांग म्हणून. तिने सांगितलं. एकदा खाल्ले होते. ते चांगले नाहीत हे तेव्हा कळलं नव्हतं. दोन दिवस पोटात काही ठरलं नाही, दवाखान्यात न्यावं लागलं. आता बाळ ठीक आहे, डॉक्टर म्हणालेत.

काकी पायरीवर बसली. तिने सुनेच्या पोटावर हात ठेवला आणि रडायला लागली. डोळ्याला पाणी लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते मी सांगितलं तरी थांबेना.

"काकी, तुमका वाईट वाटात म्हणान सांगूक नाय," सून म्हणाली.

"वाटूकच पायजे होतां गो," काकी म्हणाली. "माका वाईट वाटूकच होया होतां."