भरल्या गाडीचं दार

निजामी अमलात अणदूरच्या जैनोद्दीन सुताराला कागदावरचं एक अक्षर लागत नव्हतं. पण खोडावर नुसता हात फिरवून, हे आतून पोखरलंय, एवढं तो छातीठोक सांगायचा. ह्याला विद्या न म्हणणाऱ्या शहाण्यांची कीवच करावी. राग त्याच्या नाकावर, लाकूड तासायचा वाकस खांद्यावर. दोन्ही मिरवत तो पेठेतनं ताठ चालायचा.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. महालिंगप्पा अडत्याची जुनी लॉरी शेंगांची पोती घेऊन सोलापूरला जायची. पलीकडचं दार कधीच खिळे मारून बंद केलेलं, आणि गुंडाप्पा ड्रायव्हरच्या बाजूचं असं लोंबलेलं, की तो ते दोरीनं बांधायचा आणि शिवाय वळणावर एका हातानं धरायचा. सोलापुरातला कारागीर म्हणाला होता, नवं दार इलायतेहून येईल, तेही लढाई संपल्यावर.

हे ऐकून जैनोद्दीन चारचौघांत कडाडला, "लाकडी चौकटीवर पत्रा ठोकलेला, आन त्यासाठी इलायत? म्या बसवतो. दोन बोटांनी लागलं-उघडलं न्हाय, तर पुन्हा वाकस हातात धरणार न्हाय!"

"मिस्त्री, घराचं दार न्हाय ते," महालिंगप्पा म्हणाले.

"दार ते दार, अप्पा!"

पैज लागली ती स्वतःशीच, आणि गाव साक्षीला.

जैनोद्दीननं दाराचं टोक उचलून बघितलं. बिजागऱ्या खुळखुळल्या. झिजलेल्या पिना काढून त्यानं लोहाराकडून जाड करून आणल्या. स्क्रूची भोकं रुंदावली होती, त्यांत बाभळीच्या खुंट्या ठोकून स्क्रू नव्यानं पिळले. मग मोकळी लॉरी सपाटीला घेतली, चाकांखाली दगड सारले आणि ओळंबा सोडून दार सुतात बसवलं. दोन बोटं टेकली. खट्! दार लागलं. दोन बोटांनीच उघडलं. जैनोद्दीन घरी गेला तो मिशीला पीळ देतच.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमालांनी पन्नास पोती चढवली. तोवर गुंडाप्पा दार लावून आत बिडी ओढत बसलेला. निघताना चाकापुढं नारळ फोडायला उतरावं, तर दार हलेना. खांदा लावला, लाथ घातली. शेवटी भला माणूस खिडकीतनं डोकं आधी घालून निघाला आणि कमरेशी अडकला. हमालांनी ओढून काढला, तर धोतर आत, गुंडाप्पा बाहेर!

"येळकोट येळकोट!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळी पेठ लोळायला लागली.

जैनोद्दीन हसला नाही. तडक घरी आला, वाकस बायकोपुढं टाकला. "लालबी, ठेव हे मडक्यांमागं. आजपासनं म्या वांगी चिरणार."

लालबीनं त्याच्याकडं बघितलं. तिच्या स्वयंपाकघराचं दार दहा वर्षं जमिनीला घासत होतं. सुताराच्या घरचं काम कधी होतं का? "काल तर चांगलं लागत होतं म्हनं?"

"काल लागत होतं. आज पोती भरली आन अडकलं."

"मग त्यात काय? जेवल्यावर तुमाला नाडी ढिली करावी लागती का न्हाय? उपाशी असताना माप घेतलं व्हय गाडीचं?"

जैनोद्दीन उभाच राहिला. आयुष्यभर बैलगाड्या जोडल्या, प्रत्येक गाडी भरून, कुरकुर ऐकून मगच मालकाच्या हाती दिली. आणि ह्या लॉरीला मात्र दार बघून घर समजला! घर जागचं हलत नाही. गाडी वजनानं वाकते, वर बसलेली दाराची चौकट तिच्याबरोबर पिळते.

तो पळत सुटला. हमाल पोती उतरवायला चढलेच होते.

"हात लावू नका! एक पोतं खाली येऊ द्यायचं न्हाय!"

"येडं झालं काय मिस्त्री?" महालिंगप्पा म्हणाले. "दुरुस्तीला मोकळी नको?"

"मोकळी होती म्हणूनच चुकलं, अप्पा."

चुकलं, हा शब्द जैनोद्दीनच्या तोंडून गावानं पहिल्यांदा ऐकला.

त्यानं पहारीनं दार उचकटलं. खिट्टीची जीभ आता खाचेच्या किती खाली आपटते, तिथं कोळशाची रेघ ओढली. कालची खाच आणि आजची रेघ, मध्ये बोटभर अंतर. वरची बिजागरी सैल करून मागं चामड्याचा तुकडा घातला, दाराची कड जिथं घासत होती तिथं रंध्यानं केसभर उतरवली, आणि खाच कानशीनं दोन्ही जागांना पुरेल एवढी लांबवली.

"बस रं गुंडाप्पा."

"म्या न्हाय! माझ्याकडं दुसरं धोतर न्हाय."

शेवटी जैनोद्दीन स्वतः आत बसला. दोन बोटांनी दार ओढलं. खट्. दोन बोटांनी ढकललं. उघडलं. सोलापूरला पोती उतरवून मोकळी लॉरी परत आली, तेव्हाही लागलं, उघडलं. गुंडाप्पानं दाराची जुनी दोरी आणून मिस्त्रीच्या गळ्यात हारासारखी घातली.

जैनोद्दीन घरी आला. "लालबी, वाकस दे."

ती स्वयंपाकघराच्या दारात वाकस मागं धरून उभी होती. "देते की. आधी ह्या दाराचं बोला."

जैनोद्दीननं दाराचं टोक उचललं. बिजागरी खुळखुळली.