रोलवाल्या वहिनींचं मेणकापड

बाजारात त्यांना सगळे रोलवाल्या वहिनी म्हणायचे. नवऱ्याचं प्लॅस्टिकचं दुकान होतं: पिशव्या, डबे आणि अन्न गुंडाळायचे पारदर्शक रोल, ठोक आणि किरकोळ. लेकीचं शिक्षण, गच्चीवरची खोली, सगळं त्याच दुकानावर झालेलं. आता अशा बाईने प्लॅस्टिकशी वैर धरायचं म्हणजे काय, तुम्हीच सांगा. पण धरलं खरं.

झालं असं, की मागच्या अंगणात लिंबाचं रोप लावायला त्या खड्डा खणत होत्या, तर फावड्याला एक पिशवी अडकली. लेक शाळेत जायची तेव्हा तिचा ब्रेड जिच्यात द्यायच्या, तसली. वर दुकानाचं नाव आणि जुना फोन नंबर, अगदी ठसठशीत. लेक दोन मुलांची आई झाली, वहिनींच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला, आणि ही बया मातीखाली जशीच्या तशी! वहिनींना आधी हसू आलं आणि मग असा संताप आला, की रोप तिथेच टाकून त्या आत गेल्या.

प्लॅस्टिकऐवजी अन्न गुंडाळायला मेणकापड घरीच करायचं ठरवून मधवाल्याकडून मेणाची ढेप आणली, राळेची पूड आणली, जुन्या सुती चादरी फाडल्या. पहिलं कापड इतकं जाड झालं की घडी घालताच मेण तडकलं. दुसऱ्यात राळ जास्त पडली, ते ब्रेडला चिकटलं ते सोडवता सोडवेना. त्यात इस्त्रीला मेण लागलं आणि नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर हा एवढा डाग उमटला. त्याच शर्टात तो दिवसभर दुकानात बसला. घरी येऊन जे बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही. वहिनींनी भंगारवाल्याकडून दुसरी इस्त्री आणली आणि पुन्हा कामाला लागल्या. शेवटी हात बसला. दोन बटर पेपरांमध्ये कापड, वर किसलेलं मेण, चिमूटभर राळ, तेलाचे थेंब, आणि हलक्या हाताने इस्त्री. गार झालेलं कापड वाडग्यावर ठेवून तळहाताची ऊब दिली, की कडेला घट्ट बसायचं.

नवरा आधी नुसता हसायचा. पण एक दिवस वहिनींनी त्याचा डबा मेणकापडात बांधून दिला आणि तो त्याने गिऱ्हाइकांसमोर उघडला. तुमच्या मालावर घरच्यांचाच भरवसा नाही का हो, असं कुणीतरी विचारलं आणि सगळे खो-खो हसले. रात्री त्याने ठणकावलं, घरात काय धिंगाणा घालायचा तो घाल, दुकानात माझा डबा माझ्याच मालात यायला हवा.

"मग येणारच नाही," वहिनी म्हणाल्या.

आणि डबा गेलाच नाही. नवरा कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवू लागला, पोट धरून घरी येऊ लागला. वहिनींचा जीव तुटायचा, पण वाकल्या नाहीत. कारण प्रश्न डब्याचा राहिलाच नव्हता. लग्न झाल्यापासून या घरात शेवटचा शब्द त्याचा. एकदा, फक्त एकदा, तो आपला असावा एवढंच त्यांना हवं होतं.

मग एका संध्याकाळी तोच गोड आवाजात म्हणाला, की लोक विचारतात, दे तुझी कापडं, दुकानात ठेवतो. वहिनी हरखल्याच. आठवडाभर इस्त्री फिरवून त्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे करून दिले. भांडण मिटलं असं धरून दुसऱ्या दिवशी दोघांचं जेवण कापडातच बांधलं आणि दुकान गाठलं.

दारातच हुकाला त्यांची कापडं लटकत होती. प्रत्येक घडी चकचकीत प्लॅस्टिकच्या पाकिटात, वरून सील केलेली.

"बघ कशी उठून दिसतात," नवरा कौतुकाने म्हणाला. "धूळ म्हणून बसायची नाही."

चेष्टा करतोय म्हणावं, तर तसंही नव्हतं. माणूस अगदी मनापासून बोलत होता. वहिनींनी गल्ल्याजवळची कात्री उचलली आणि एकेक पाकीट कापायला घेतलं. गिऱ्हाइकं आ वासून बघत राहिली. नवरा दातओठ खात पुटपुटला, की दुकान माझं आहे, इथे तमाशा नको.

"दुकान तुमचं. कापड माझं," वहिनी म्हणाल्या. "ते असं विकायचं नाही."

त्यांनी स्टूल उचललं, बाहेर पायरीशी मांडलं आणि उघडी कापडं मांडीवर घेऊन बसल्या. समोरचे दुकानदार मान उंचावून बघू लागले. बघू देत. जेवायची वेळ झाली तशी त्यांनी पुरचुंडी सोडली आणि एकट्याच जेवायला लागल्या. आत नवरा उगाच रोल इकडचे तिकडे रचत होता.

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. इकडे तिकडे पाहिलं आणि भर बाजारात, खाली पायरीवर, बायकोच्या स्टुलाशी बसला. आपल्या वाटणीचं जेवला. मग रिकामं कापड हातात धरून, त्यांच्याकडे न बघता त्याने विचारलं, "हे गरम पाण्याने धुवायचं का?"

"गार पाण्याने," वहिनी म्हणाल्या. "आणि तुम्ही धुवायचं."