लेझीमनं दाबलेला चुरा

लातुरात आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे काका टँकरवाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांना 'साहेब' म्हणतात. मला तेवढं 'नेते'. बोलता बोलता काठीनं हवेत गोल्फचा फटका मारतात.

दुष्काळात गल्ली घागरी घेऊन रांगेत उभी, आणि यांनी परसात गोल्फसाठी प्लास्टिकचं गवत बसवायला काढलं! गवताला पाणी लागत नाही, पण खालचा खडीचा चुरा पाणी मारून दाबतात. त्यासाठी यांनी टँकर विकत मागवलाय, असं कळताच मी जाऊन धडकलो.

"काका, लाज वाटत न्हाई? खेळायला पाणी?"

"मग चुरा दाबायचा कसा, नेते?"

"नाचा त्याच्यावर!"

काठी हवेतच थांबली. "तुमचं जयंतीचं लेझीम पथक कुठं सराव करायलंय?"

"रस्त्यावर."

"मग इथं आणा की."

संध्याकाळी पथकानं परसात धुरळा उठवला. मधे काका पाऊल चुकत नाचत होते आणि हलगीवाल्याला "हळू, साहेब, हळू" म्हणून विनवत होते. टँकर त्यांनी गल्लीतल्या घागरींत रिकामा करायला लावला.

तो खेळ मला आजही पटत नाही. पण आई घागर भरून घरी आली, आणि काकांविरुद्ध लिहायला घेतलेलं पत्रक अर्ध्यावर सोडताना मला हायसं वाटलं.