थ्रो-इनचे पाच

बाळांनो, धाकट्याने पत्रात लिहिलंय की बास्केटबॉलच्या सामन्यात रेफरीने पाच सेकंद घाईने मोजले आणि चेंडू दुसऱ्या बाजूला दिला. त्या रेफरीने ते मुद्दाम केलं की नाही, मला माहीत नाही. मी मात्र एकदा मुद्दाम केलं होतं. तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं आणि मी मुलींच्या शाळेत शिकत होते.

आमच्या खेळाच्या बाई नागपूरहून आलेल्या. त्यांनी शाळेमागे दोन खांब पुरले, चुन्याच्या रेषा आखल्या आणि नियमांचं इंग्रजी पुस्तक माझ्या हाती दिलं. वडील वकील असल्यामुळे वर्गात नीट इंग्रजी मलाच येत असे. औरंगाबादच्या मुली सामन्याला येणार होत्या. पहिल्या अर्ध्या खेळात शिट्टी त्यांच्या बाईंकडे आणि दुसऱ्या अर्ध्यात आमच्यातल्या एकीकडे, असं ठरलं. ती एक मीच, हे मी घरी सांगूनही टाकलं होतं.

पण वर्गात मोंढ्यातल्या मापाऱ्याची मुलगी होती. तिचे वडील दिवसभर बाजारात धान्य मापत. मी थ्रो-इनचं, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू रेषेबाहेरून आत फेकण्याचं, पान वाचून एकेक वाक्य मराठीत सांगत होते, तेव्हा ती मधेच म्हणाली, "म्हंजे शेवटी जिचा हात लागला तिनं चेंडू गमावला. बराबर?"

"बरोबर."

"मंग एवढं लांबवून कशाला सांगून राह्यलीस?"

मुली हसल्या. ती उठून सरळ चुन्याच्या रेषेबाहेर जाऊन उभी राहिली. पाय रेषेच्या आत पडला की चेंडू गेला. पाच मोजून व्हायच्या आत फेकायचा. दुसऱ्या कुणाचा हात लागेपर्यंत फेकणारीने परत धरायचा नाही. माझं पान आठवडाभर ज्यांना कळलं नव्हतं, त्यांना ते पाव तासात कळलं. बाई म्हणाल्या, "हिला इंग्रजी येत असतं तर काय हवं होतं."

ते वाक्य मी रात्री जेवतानाही चघळत होते. जे मला येत होतं, ते येत नसूनही ती पुढे गेली होती.

दुसऱ्या दिवशी सरावात शिट्टी आधी माझ्याकडे आली. मापाऱ्याची मुलगी रेषेबाहेर चेंडू घेऊन उभी राहिली आणि मी एका दमात पाच मोजून शिट्टी वाजवली. तिच्यानंतर माझी मैत्रीण आली. तिला मी निवांत पाच दिले. पुन्हा मापाऱ्याची मुलगी आली, पुन्हा मी घाईने मोजलं. बाई दुसऱ्या टोकाला लहान मुलींत गुंतल्या होत्या.

पाण्याच्या माठापाशी ती म्हणाली, "तू माप कमी भरलंस."

"पुस्तकात सेकंद आहेत. माप नाही."

"काय असंल ते. तिला पाच दिलेस, मला तीन. मोंढ्यात असं केलं तर शेतकरी हात धरतो."

"मग सांग जा बाईंना."

"म्या न्हाई सांगणार. बाईंकडं घड्याळ हाये."

आणि झालंही तसंच. सामन्यात शिट्टी कुणाकडे हे ठरवायला बाईंनी हातात घड्याळ धरून आम्हां दोघींना डोळे मिटून पाच मोजायला लावलं. ती समोर उभी आहे या विचारानेच माझी जीभ पळत सुटली; घड्याळात तीन सेकंदही झाले नव्हते. मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि पुढचं माप भरेपर्यंत तोच आकडा घोळवत राहतात. ती तशीच मोजू लागली, "लाभ लाभ लाभ, दोन दोन दोन..." मुली तोंडावर पदर धरून हसत होत्या. पण घड्याळ तिच्या बाजूने होतं.

"फक्त मनात मोज," असं म्हणून बाईंनी शिट्टी तिच्या हातात दिली.

सामन्याच्या दुसऱ्या अर्ध्यात चेंडू औरंगाबादकरणीच्या हाताला लागून बाहेर गेला. थ्रो-इन आमचा होता आणि तो माझ्याकडे आला. आता ही सरावाचं उट्टं काढणार, याबद्दल मला शंका नव्हती. म्हणून मी तिच्या ओठांकडे बघत राहिले. ओठ संथ हलत होते. समोर माझी मैत्रीण दोन्ही हात वर करून मोकळी उभी होती, ती मला दिसलीच नाही. शिट्टी वाजली आणि चेंडू समोरच्यांना गेला.

"आपल्याच शाळेविरुद्ध," कुणीतरी मागून पुटपुटलं. संध्याकाळी मी मैत्रिणींना सांगितलं की तिने घाई केली. त्यांनी विश्वास ठेवला. पुढे कितीतरी दिवस त्या तिच्याशी बोलल्या नाहीत आणि मी ते चालू दिलं.

धाकट्या, तुझ्या रेफरीचं मला काही सांगता येणार नाही. पण त्या दिवशी तिच्या ओठांबरोबर मीही मनात मोजत होते, लाभपासून. आम्हां दोघींचे पाच एकदमच झाले होते.