लिफ्ट बंद असतानाचा ईस्टर

ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत आमच्या जे. पी. नगरच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली आणि मी नवऱ्यासकट चौथ्या मजल्यावर अडकले. नाताळ उरकला तोच यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, शब्द तेवढा फुटत नाही; फुटेलही कदाचित. आता या 'कदाचित'वर माणसानं किती दिवस काढायचे?

वॉचमनला लिफ्टचं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "नाळे, अक्का." नाळे म्हणजे कानडीत उद्या. रोज आपलं नाळे! एकदा चिडून मराठीतच म्हटलं, "अरे बाबा, तुझं नाळे उजाडणार तरी कधी?" त्याला काय कळणार? म्हणाला, "सरी अक्का," म्हणजे ठीक आहे ताई. मी कपाळावर हात मारून घेतला.

आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. यांच्या नोकरीपायी इथे आलो नि इथलेच झालो, पण घरातला ईस्टर मराठीच राहिला. पहाटे हे सगळ्यांच्या आधी उठून दारं बडवायचे, "प्रभू उठला आहे!" आम्ही पांघरुणातून ओरडायचो, "खरोखर उठला आहे!" त्याआधी शुक्रवार-शनिवार मात्र घरात हसायचीही चोरी. लहानपणी लेकीनं शनिवारीच केकला हात लावला, तर हे कडाडले, "प्रभू अजून कबरेत आहे आणि तुला केक सुचतोय?"

यंदा कसला ईस्टर नि कसलं काय! लेक परदेशात, आणि यांना जिन्यानं उतरवून चर्चला कोण नेणार? मला राग आला होता लिफ्टचा, डॉक्टरांचा, आणि खरं सांगते, देवाचाही. प्रार्थनेला बसले की तोंडातून नुसती गाऱ्हाणी निघायची. त्यातच यांना ताप भरला. पेज, औषधं, ओल्या घड्या यांत उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, कधी आला नि गेला, मला पत्ताच लागला नाही.

मग एका पहाटे ताप उतरलेला दिसला. म्हटलं, आज रविवार, यांच्याऐवजी आज आपणच म्हणावं. श्रद्धा वगैरे काही उरली नव्हती हो, यांची रीत मोडू नये एवढंच. बेकरीतून मागवलेल्या केकचा तुकडा बशीत घेतला, यांच्यासमोर बसले आणि मोठ्यानं म्हटलं, "अहो, प्रभू उठला आहे!"

यांनी डाव्या हातानं बशी दूर लोटली आणि जोरात मान हलवली. नाही.

यांचाही विश्वास उडाला असेल, तर मी आता कुणाच्या आधारानं राहू? रडवेली होऊन पुन्हा म्हटलं, "उठला आहे ना हो?"

यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. केकवरून लेकीला रागावताना पडायच्या, अगदी त्याच. ओठ वाकडे झाले, मानेची शीर ताणली गेली, आणि कसाबसा एक शब्द बाहेर आला.

"उ... उद्या."

मी धावत जाऊन फोन बघितला. शनिवार होता! हसू की रडू तेच कळेना. यांचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, "बरं बाई, चुकलं माझं. उद्या तर उद्या."

केक झाकून ठेवला आणि कितीतरी दिवसांनी उद्याची वाट बघत यांच्याजवळ बसले.