उकंडराव मिस्त्री आणि दसऱ्याचं विमान

उकंडराव मिस्त्रीच्या आधी त्याच्या आईची तीन लेकरं गेली होती. म्हणून चौथं झालं तेव्हा सुईणीनं ते घरामागच्या उकिरड्यावर लोळवलं आणि नाव ठेवलं उकंडा. असल्या नावाकडे यमही ढुंकून पाहत नाही, असा साखरखेर्ड्यात सगळ्यांचा पक्का समज. यमानं पाहिलं नाही, हेही खरं. पण हेच पोर चाळिशीत विमानाची टाकी सांभाळील असं कोणी म्हटलं असतं, तर त्याची आई हसून हसून खाटेवरून पडली असती.

विमान म्हणजे खरंखुरं विमान, बरं का! जत्रेतला पाळणा नव्हे. महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. गावचे पंजाबराव पाटील, ऐंशी एकरांचे धनी, तरुणपणी नागपुरात विमान चालवायला शिकून आलेले. ती हौस काही जिरली नाही. त्यांनी कुठून कुठून नकाशे मागवले, लाकडाच्या पट्ट्या तासून घेतल्या, त्यांवर मांजरपाट ताणून रंगाचे हात दिले आणि भंगारातून एक इंजिन उचलून आणलं. कापसाच्या गोडाऊनमध्ये सहा वर्षं हा उद्योग चालला. परवान्याचा कागद यायलाच त्यातली दोन गेली. पंचक्रोशीतल्या विहिरींवरची इंजिनं उकंडरावाच्या हाताशिवाय धकत नसत, म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंतचं सगळं पाटलांनी त्याच्या हवाली केलं.

"मिस्त्री, विहिरीवरचं इंजिन बंद पडलं तर मिरची वाळते," पाटील म्हणाले होते. "हे वर बंद पडलं तर आपण वाळू. म्हणून माहा एकच कायदा. ज्याच्यानं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचंल, तो पहिल्यांदा माह्या मागच्या सीटवर बसंल. मंग पाहतो नट कसा ढिला राह्यते!"

झालं! त्या दिवसापासून उकंडराव जमिनीवर चालेनासा झाला. पेट्रोल तो मऊ कातड्यातून दोनदा गाळी. रोज सकाळी टाकीच्या बुडाचा कॉक उघडून चहाच्या ग्लासात घोटभर पेट्रोल काढी आणि उन्हात धरी. तळाशी पाण्याचा मोहरीएवढा थेंब दिसला, की सगळी टाकी रिकामी. तांब्याची नळी, काचेच्या वाटीतली जाळी, कार्बुरेटरचं जेट, सगळं पुसूनपासून लख्ख. टाकीच्या झाकणाला वारा जायला सुईच्या टोकाएवढं भोक लागतं, तेही त्यानं स्वतः श्वास रोखून पाडलं होतं. घरी आला की त्याची बायको अन्नपूर्णाबाई नाकाला पदर लावी. "भाकरीलेही पेट्रोलचा वास येऊन राह्यला," ती म्हणे. "तुम्ही चुलीजवळ बसले का मले भेव वाटते, बाप्पा!"

पण पाटलीणबाईंपुढे कोणाचं काय चालतं? सत्यभामाबाईंनी सहा वर्षं कापूस ओसरीत ठेवला होता, या वर्षी त्या ऐकेनात. "दसऱ्याले उडलं तर उडलं," त्यांनी सांगून टाकलं. "नाही उडलं तर दुसऱ्या दिवशी गोडाऊनमध्ये माहा कापूस येईन, अन् तुमचं हे पाखरू जाईन चुलीत." पाटलांनीही देऊळगावच्या बालाजीची शपथ घेऊन कबूल केलं. दसऱ्याला सगळं गाव पायी सीमोल्लंघनाला जाणार, आपण सीमा वरून ओलांडायची, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. दिवस मावळायच्या आत उडायचं, नाहीतर सहा वर्षांचं सरपण.

आदल्या दिवशी खंडेनवमी. गावातले नांगर, कुऱ्हाडी, शिलाई मशिनी, सगळ्यांची पूजा झाली, मग विमान कसं सुटेल? अन्नपूर्णाबाई तेलात कालवलेला घट्ट शेंदूर घेऊन आली आणि विमानाभोवती एक फेरी मारून उभी राहिली.

"याचं कपाळ कुठं हाय?"

चारचौघांत बायकोनं विचारलं म्हटल्यावर उकंडरावाची छाती फुगली. "हे झाकण पाह्य. इथूनच ते पेते, इथंच त्याचा जीव. चांगला ठळक लाव!" तिनं पाचही बोटं बुडवून लावला. उकंडरावानं समाधानानं नारळ फोडला.

दसऱ्याच्या दुपारी डफडं वाजायला लागलं. माळावर माणूस मावेना. वर जायच्या आधी इंजिन जमिनीवर वीस मिनिटं न अडखळता चाललं पाहिजे, हा पाटलांचा दुसरा कायदा. नवं धोतर, नवा फेटा बांधलेल्या उकंडरावानं पंखा फिरवला. इंजिन असं काही गर्जलं, की म्हाताऱ्या टाळ्या पिटायला लागल्या! बारा मिनिटं झाली आणि ते खोकलं. दोनदा खोकलं आणि मेलं.

उकंडरावानं झाकण उघडून काडी बुडवली. टाकी अर्धी भरलेली. झाकण लावलं, पंखा फिरवला, इंजिन सुरू! लोकांनी आरोळी ठोकली. बारा मिनिटांनी पुन्हा खोकला. मग त्यानं नळी काढून फुंकली, जाळी धुतली, जेट उन्हात धरून पाहिलं. कुठं कचऱ्याचा कण नाही. उघडून पाहिलं की गडी ठणठणीत, पाठ फिरवली की आजारी. असलं नाटकी दुखणं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. कोणी म्हणालं नजर लागली, म्हणून पंख्याला लिंबू-मिरची बांधली. पंखा फिरताच ते लिंबू थेट सरपंचाच्या टोपीवर जाऊन बसलं आणि माळभर हशा पिकला.

उकंडराव मात्र हसला नाही. दिवस कासराभर उरला होता. गोडाऊनच्या दारात सत्यभामाबाईंनी कापसाची पहिली गाडी आणून उभी केली होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कोणाला दिसू नये म्हणून तो पाटलांच्या अंगणात जाऊन बसला. तिथं गावासाठी भजी तळणं चाललं होतं, आणि अन्नपूर्णाबाई तेलाचा नवा डबा फोडत होती. तिनं खिळा ठेवून एक भोक पाडलं. मग डबा फिरवून समोरच्या कोपऱ्यात दुसरं.

"दुसरं कायले वं?" उगाच काहीतरी विचारायचं म्हणून त्यानं विचारलं.

"वारा आत जायाले. एका भोकानं तेल येते का कुठं? दोन थेंब पडते अन् अडते." ती वैतागली. "एवढे मोठे मिस्त्री, अन् हे मले विचारता?"

उकंडराव असा उठला, की भज्यांचं पीठ सांडलं. तिचा हात धरून तो माळावर धावत सुटला. "सोडा नं, लोक पाह्यतात!" ती ओरडत होती आणि लोक खरंच पाहत होते. त्यानं तिच्या अंबाड्यातला आकडा उपसला, झाकणावरचा वाळून खपली झालेला शेंदूर खरवडला आणि भोकात आकड्याचं टोक घातलं. सुस्स करून टाकीनं वारा ओढला. दुपारपासून झाकण उघडताना हाच आवाज झाला असणार, पण डफड्यापुढं ऐकतो कोण!

बारा मिनिटं गेली. वीस गेली. पंचविसाव्या मिनिटाला पाटलांनी स्वतःचा फेटा हवेत उडवला.

"काय केलं बे मिस्त्री?"

गप्प राहिला असता तर कोणाला कळलं असतं? सहा वर्षं ज्या सीटकडे पाहून तो जेवला-झोपला, ती हातभर अंतरावर होती. पण लबाडी त्याच्या इंजिनातही नव्हती आणि पोटातही. "पाटील, चूक माही. शेंदूर इथं लाव, हे मीच म्हणलं. वाट सापडली ते हिच्यामुळं."

पाटील हसत सुटले, मग थांबले. "मंग कायदा काय म्हणते?"

उकंडरावानं एकदा त्या सीटकडे पाहिलं. "पेट्रोल हिच्यानं पोचलं," तो म्हणाला.

"मी? अगं बाई! मले तर यष्टीतही मळमळते!" अन्नपूर्णाबाई म्हणाली खरी, पण पदर तर तिनं केव्हाच खोचला होता.

विमान उधळत गेलं, एकदा आपटलं, दोनदा आपटलं आणि तिसऱ्यांदा खाली आलंच नाही. माळ वेडा झाला. सत्यभामाबाईही टाळ्या वाजवायला लागल्या. एकटा उकंडराव डोळे मिटून, कान वर करून उभा. सहा वर्षं त्यानं एकेक नट स्वतःच्या जिवासाठी आवळला होता, आता त्या नटांवर अन्नपूर्णा बसली होती. दुपारी काढलेल्या नळीचा नट पुरता बसला होता ना? इंजिनाचा एकेक ठोका तो मोजत राहिला आणि एकही चुकला नाही.

सीमेवरच्या शमीला वळसा घालून विमान उतरलं. अन्नपूर्णाबाई खाली आली ती केस सुटलेले, कुंकू विस्कटलेलं, हसू काही आवरेना. तिनं कमरेची आपट्याची पानं काढून नवऱ्याच्या हातात ठेवली.

"सोनं घ्या," ती म्हणाली, आणि पदर नाकाशी नेऊन थांबली. "आता माह्याही लुगड्याले वास येऊन राह्यला, पाहा. उद्या तुम्ही जा. मी खाली उभी राहून आयकते."