मिस्तरीची हमी

लढाईच्या दिवसांत खापर गावात आमचा जुना ट्रक अडला. स्टीयरिंगचे दोन दांडे जोडणारी रबरी चकती फाटली होती आणि नवे रबर कुठेच मिळत नव्हते. तिथल्या मिस्तरीने जुन्या मोटेच्या चामड्याची चकती कापून बसवली, बोल्ट आवळले आणि मिशीवर तेलकट बोट फिरवले.

“शंभर वरीस टिकी, भाऊ!”

आम्हा प्रवाशांना इतकी वर्षे नको होती. समोरचा घाट उतरला तरी पुरे होते.

ड्रायव्हर म्हणाला, “मंग चाल ना, घाटमा मन्हा बाजूले बठ.”

मिस्तरीने घाटाकडे पाहिले आणि पुन्हा पाना उचलला.

“थांब जरासा. आखो एक चामडं टाकस.”

या वेळी त्याने आणखी एक चकती बसवून प्रत्येक बोल्ट दोनदा आवळला. जिवाची किंमत त्याला चांगली ठाऊक होती. जीव कोणाचा, एवढेच आधी कळायला हवे होते.